थांबण्याची किंमत

सुगी संपून माल घरात आला की आता विकायचा की थांबायचे, हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. काढणीच्या दिवसांत सगळ्यांचा माल एकदम बाजारात येऊन भाव दबतो, तेव्हा तो पुढे सुधारेल ही आशा रास्तच आहे. पण किती सुधारला म्हणजे थांबणे परवडते, याचा हिशेब मी कित्येक वर्षे मांडलाच नव्हता.

१४ टक्के ओलाव्याचे १०० क्विंटल सोयाबीन वाळून १२ टक्क्यांवर आले की वजन ९७.७ क्विंटल भरते. डोक्यावर वर्षाला १२ टक्के व्याजाचे कर्ज असेल, तर सहा महिन्यांत आणखी ६ टक्के जातात. म्हणजे भाव साधारण साडेआठ टक्के वाढला, तरच आपण काढणीच्या दिवशी होतो तिथे पोहोचतो, आणि यात गोदामभाडे, हमाली व कीड धरलेलीच नाही. (खरेदीदार काढणीच्या वेळी ओलाव्यापोटी कपात करत असेल, तर वजनातली तूट तेव्हाही सोसावीच लागते आणि हा आकडा ६ टक्क्यांजवळ येतो.)

गहू किंवा ज्वारी नीट वाळवून ठेवली तर बराच काळ टिकते. तेलबियांचे तसे नाही. ओलावा आणि उष्णता मिळाली की तेलातील आम्लता वाढते, बी खवट होते आणि प्रत उतरते. शिवाय सोयाबीनला ब्राझीलच्या पिकाची धास्ती असते, कारण तिथली काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये जोरात असते आणि उत्तर गोलार्धात माल धरून बसलेल्यांना तेव्हा नव्या पुरवठ्याशी सामना करावा लागतो.

टंचाईच्या वर्षी तर भाव उशिरा चढेलच असे नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतील दुष्काळामुळे शिकागोच्या वायदेबाजारात सोयाबीनने सप्टेंबरच्या सुरुवातीला विक्रमी भाव गाठला आणि नोव्हेंबरपर्यंत तो बराच उतरला. टंचाईची बातमी भावात आधीच उतरलेली होती.

म्हणून मी आता कर्ज आणि देणी भागतील एवढा माल काढणीलाच विकतो. उरलेल्यासाठी थांबण्याचा खर्च धरून एक भाव आणि एक शेवटची तारीख वहीत लिहून ठेवतो. भाव आधी मिळाला तर त्या दिवशी निम्मा माल जातो. तारीख आधी आली, तर भाव काहीही असो, सगळा.