हरिश्चंद्रगड दोनदा, बॅगा दोन: साडेचौदा किलोवरून पावणेआठवर

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी खुबी फाट्यावर एस.टी. थांबली तेव्हा आधी माझी बॅग उतरली, मग मी. कंडक्टरने ती दोन्ही हातांनी उचलून खाली दिली आणि विचारलं, "ताई, मुक्कामाला चाललात की राहायलाच?"

बॅग ६० लिटरची. दहा वर्षांपूर्वी हिमालयातल्या एका ट्रेकसाठी घेतलेली, नुसती रिकामी २.३ किलो. बरोबर भाचा. त्याची तऱ्हा नेमकी उलटी. कॉलेजची लॅपटॉपवाली बॅग, जेमतेम २५ लिटर, आणि आत न मावलेलं सगळं बाहेर लटकवलेलं: स्लीपिंग बॅग सुतळीने, मॅट आडवी, एका बंदाला चपला आणि दुसऱ्याला स्टीलचा मग. फाट्यापासून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेकडेने खिरेश्वरपर्यंत पाच किलोमीटर चाल आहे. तेवढं अंतर तो मग एका लयीत वाजत होता. धनगरवाड्यातून मेंढ्या निघाव्यात तसे आम्ही गावात शिरलो.

खिरेश्वरात चहा घेतला, प्रत्येकी तीन लिटर पाणी भरलं आणि टोलार खिंडीकडे निघालो. ही वाट माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. गावापासून खिंडीपर्यंत झाडीतून तास-सव्वा तासाचा चढ. खिंडीत वाघाचं जुनं शिल्प आहे, तिथे सगळेच थांबतात. तिथून डावीकडे वळलं की कातळाचा उभा टप्पा लागतो. लोखंडी रेलिंग लावलेलं आहे, त्यामुळे अवघड नाही, पण हात वापरावे लागतात. वर पोचल्यावर बालेकिल्ल्याच्या पोटाला वळसा घालून टेकड्यांची चढ-उतार, मध्ये मध्ये दाट कारवी, आणि मग एकदम खाली देऊळ दिसतं.

कातळाच्या टप्प्यावर मोठ्या बॅगेचा हिशोब चुकता झाला. कमरेचा पट्टा माझ्या कमरेवर बसतच नव्हता, पोटावर यायचा. म्हणून मी तो सैल सोडला होता आणि सगळा भार खांद्यांवर घेतला होता. पाय वर टाकायला अंग पुढे झुकवलं की बॅगेचं डोकं माझ्या डोक्याला ढकलायचं. मान वर करून पुढची पकड बघावी तर टोपी बॅगेला अडायची. एका पायरीवर तोल मागे गेला. रेलिंग हातात होतं म्हणून निभावलं, पण पोटात गोळा आला तो वर पोचेपर्यंत गेला नाही.

भाच्याची मॅट रेलिंग आणि कातळ यांच्या मध्ये अडकली. त्याने हिसका दिला. मॅट सुटली, पण खांद्याचा उजवा बंद मुळापासून उसवला. पुढचे दोन तास त्याने बॅग एका खांद्यावर घेऊन काढले, आणि कारवीतून जाताना आडव्या मॅटचे निळे तुकडे वाटभर पेरत गेला. ते वेचत मी मागून. खिंडीपासून देवळापर्यंत आम्हाला पावणेचार तास लागले.

वर ज्यांच्या झोपडीत जेवणाची सोय सांगितली होती त्या मामांनी भाच्याची बॅग हातात घेऊन उलटीपालटी केली. बंदाजवळची शिवण बोटाने दाखवत म्हणाले, "हिला एकच टाका हाय, ताई. भार कुटं धरायचा?" आतून दाभण आणि नायलॉनचा जाड दोरा आणला, बंद दुहेरी दुमडला आणि चौकोन मारून त्यात फुलीची शिवण घातली. दहा मिनिटांचं काम. चिमणीच्या उजेडात त्यांचा हात जसा चालत होता त्यावरून त्यांनी आयुष्यात बरीच पोती शिवली असणार. पैसे घेतले नाहीत, पिठलं-भाकरीचे मात्र चोख घेतले.

त्यानंतर बॅग विकत घेताना मी सगळ्यात आधी हीच जागा बघते: बंद जिथे बॅगेला जोडला आहे तिथे चौकोन-फुली किंवा दाट आडवी शिवण आहे का. बंद धरून बॅग उचलायची आणि दोन-तीन झटके द्यायचे. दुकानदार बघत राहतो, बघू दे.

त्या संध्याकाळी कोकणकड्यावर सगळे सूर्यास्त बघत होते आणि मी खांदे चोळत होते. दुसऱ्या दिवशी केदारेश्वराच्या गुहेतही गेलो. चार खांबांपैकी एकच शाबूत, मध्ये शिवलिंग आणि भोवती कमरेएवढं थंडगार पाणी. पण मनात एकच विचार होता, की एवढं ओझं घेऊन परत उतरायचंय.

घरी आल्यावर हँगिंग काटा घेतला. सुटकेस मोजायला वापरतात तो. एकेक वस्तू लटकवून वहीत लिहिली. बॅग २.३ किलो. तंबू २.९, आणि तो आम्ही उघडलाच नाही, कारण वर तंबू भाड्याने मिळाला. स्लीपिंग बॅग १.९. कपडे २.१, त्यात एक जीन्स जी कशासाठी घेतली ते अजून आठवत नाही. स्टोव्ह, भांडी आणि शिधा १.७, तोही न वापरलेला. किरकोळ ०.६. पाणी ३. एकूण साडेचौदा किलो, आणि माझं वजन ५८. म्हणजे अंगाचा चौथा हिस्सा पाठीवर. साधारण अंदाज असा सांगतात की दिवसभराच्या ट्रेकला आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत आणि मुक्कामाला पाचव्या हिश्शापर्यंत ओझं असावं.

बॅग मोठी होती म्हणून मी सामान मोठं केलं. कोपरा रिकामा दिसला की त्यात काहीतरी कोंबायचं, ही आपली जुनीच खोड. म्हणून या खेपेला उलटं केलं. आधी न्यायच्या वस्तू चादरीवर मांडल्या, नको त्या काढल्या, उरलेल्या एका खोक्यात बसवून बघितल्या, आणि बॅग घ्यायला सगळ्यात शेवटी गेले. तंबू आणि जेवण वर मिळणार असेल तर सह्याद्रीतल्या एका रात्रीला ३५ ते ४० लिटर भरपूर होतात. तंबू आणि चूल स्वतःची न्यायची तर ४५. नुसत्या दिवसाच्या भटकंतीला २० ते २५.

एकच बॅग घ्यायची असेल तर माझं मत ३५-३८ लिटरच्या बाजूने. दोन्ही कडांना आवळायचे पट्टे हवेत, म्हणजे रविवारी अर्धी भरूनही ती पाठीला चिकटून राहते. मी ३८ लिटरची घेतली, रिकामी १.१ किलो.

याहून हलकी मिळत नाही का? मिळते. सहाशे ग्रॅमच्याही बॅगा आहेत, बिनफ्रेमच्या, म्हणजे पाठीकडे आधाराचा सांगाडा नसलेल्या, पातळ कापडाच्या. मला त्या दिसायला फार आवडल्या, पण घेतल्या नाहीत. आपल्याकडे खरं ओझं पाण्याचं. फेब्रुवारीनंतर गडागडांवरची टाकी आटायला लागतात आणि माणशी चार लिटर घ्यावं लागतं, म्हणजे चार किलो एका झटक्यात. बिनफ्रेमची बॅग तेवढ्याने पिशवीसारखी लोंबते. दुसरं, आपण कातळावरून बसून घसरत उतरतो, तेव्हा बॅगेचा बूड दगडाला घासतो. कापडावर '२१० डी' असं काही लिहिलेलं असतं, ते डेनियर. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका डेनियर. बुडाला २१० किंवा त्याहून जाड नायलॉन असावं, वरचं थोडं पातळ असलं तरी चालतं. कारवी आणि करवंदीची जाळी पातळ कापडावर दया दाखवत नाहीत.

लिटरच्याही आधी बघायची गोष्ट म्हणजे पाठीची लांबी. आपली उंची नव्हे, पाठ. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जो मणका बोटाला टोचतो, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत दुसऱ्या कुणाकडून टेपने मोजून घ्या. माझी ४२ सेंटिमीटर भरली, भाच्याची ४९. जुनी बॅग उंच पाठीसाठी बनवलेली, मग पट्टा कमरेवर बसणार कसा? दहा वर्षं मी समजत होते की माझ्याच अंगात जोर नाही.

घालायचाही क्रम आहे. सगळे पट्टे सैल करा. कमरेचा पट्टा हाडांवर बसवून आवळा, मग खांद्यांचे, मग खांद्यावरून बॅगेच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, छातीचा सगळ्यात शेवटी. खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकलं पाहिजे. कमरेवर कळशी घेऊन चढ चढणाऱ्या बाईला हे कुणी शिकवलेलं नसतं. शिकवावं लागतं ते आपल्याला. दुकानात रिकामी बॅग घालून आरशात बघण्यात अर्थ नाही. मी लिटरच्या पाच भरलेल्या बाटल्या घरून नेल्या, बॅगेत टाकल्या आणि इमारतीचा जिना दोनदा चढले-उतरले. वॉचमनने संशयाने बघितलं, पण दोन बॅगा तिथेच बाद झाल्या. एकीचा पट्टा चालता चालता आपोआप सैल होत होता, दुसरीतली बाजूच्या खिशातली बाटली बॅग न उतरवता हाताला येत नव्हती.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी तीच वाट, तोच भाचा. या वेळी वजन: बॅग १.१, नवी स्लीपिंग बॅग ०.९५, मॅट ०.३, गरम कपडे ०.८, किरकोळ ०.९, खाऊ ०.७, पाणी ३. एकूण पावणेआठ किलो. स्लीपिंग बॅग सगळ्यात तळाशी, पाणी आणि खाऊ पाठीला लागून मधोमध, कपडे बाहेरच्या अंगाला. मॅट आत उभी गुंडाळून नळकांड्यासारखी उघडू दिली आणि बाकीचं सामान तिच्या पोटात भरलं. बाहेर काही म्हणजे काही लटकवलं नाही. भाच्याने मित्राची ४० लिटरची बॅग मागून आणली होती. स्टीलचा मग तेवढा ठेवला त्याने, पण आत.

रेलिंगच्या टप्प्यावर मी मान वर करून पकड बघू शकले. खिंडीपासून देवळापर्यंत अडीच तास. वाटेत सरबत प्यायलासुद्धा थांबलो.

तरी चुका झाल्याच. कमरेच्या पट्ट्याचा खिसा इतका लहान की फोन जात नाही, हे मी दुकानात बघितलं नव्हतं. जाळीच्या बाहेरच्या खिशात ठेवलेली चिक्की देवळापाशी माकडाने पाठीवरूनच काढून नेली. जाळीच्या खिशात खाण्याचं ठेवू नका, दिसतं आणि वासही जातो.

पावसाळ्यात जाणार असाल तर बॅगेबरोबर मिळणाऱ्या रेनकव्हरवर विसंबू नका. सपाटीवर ते ठीक, पण कड्यावरच्या वाऱ्यात फुग्यासारखं फुगतं, आणि पाठीकडून झिरपणारं पाणी ते अडवतच नाही. बॅगेच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून सामान त्यात ठेवायचं, तोंड पिळून खाली दुमडायचं. ती पिशवी आणि बाकीचा सगळा कचरा परत आणा, हा भाग अभयारण्यात येतो. मुक्कामाचे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याआधी खिरेश्वर किंवा गडाच्या दुसऱ्या बाजूच्या पाचनई गावातल्या कुणाला तरी फोन करून तंबू आणि जेवणाची खात्री करा. ते मिळणार की नाही यावरच बॅग ३८ की ४५ हे ठरतं. पहिल्यांदाच मुक्काम असेल तर पाचनईची वाट सोपी आणि कमी वेळाची.

मामांना या खेपेला दाभणाचं एक पाकीट आणि नायलॉन दोऱ्याचं रीळ नेलं होतं. त्यांनी नवी बॅग हातात घेतली, बंदाची शिवण बघितली, एक झटका दिला आणि परत दिली. "चालंल," म्हणाले, आणि पिठलं ढवळायला आत गेले.