परळची विल्सबाई

बत्तीस वर्षं मी परळमधल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड बघितल्या. गरोदर बाईची स्लाइड लावावी, तर तांबड्या पेशी मोठाल्या, फुगलेल्या, आणि पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला पाच-सहा फाका. रिपोर्टवर आम्ही ‘मॅक्रोसायटिक’, म्हणजे मोठ्या पेशींचा रक्तक्षय, असं लिहायचो, डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड लिहायचे. इवलीशी पिवळी गोळी. ती आली कुठून, हे कधी मनातही आलं नाही. १० मे २०१९ ला लंडनच्या भाच्याने गूगलवरचं त्या दिवसाचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘मावशी, ही तुमच्या परळची बाई.’

ल्यूसी विल्स. जन्म १८८८ चा, इंग्लंडमधला. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, पुढे लंडनला डॉक्टर झाल्या, पण दवाखाना न थाटता प्रयोगशाळेतच रमल्या. १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरण्यांचा सहा महिन्यांचा मोठा संप त्याच वर्षीचा. आईची आजी तेव्हा वायंडिंग खात्यात होती, म्हणून ते साल आमच्या घरात सगळ्यांना पाठ. बाळंतपणात इतक्या बायका का दगावतात, याची चौकशी डॉ. मार्गारेट बाल्फर करत होत्या. विल्सबाई त्या कामात शिरल्या आणि परळच्या हाफकिन संशोधन संस्थेत बसू लागल्या. त्या फाटकावरून मी रोज चालत गेलेय!

त्यांनी आधी बायकांची ताटं बघितली, हे मला फार आवडलं. कोण काय खातं आणि कोणाचं रक्त उतरतं, याचा मेळ घातला. ज्या गरीब मुसलमान बायकांचं खाणं सगळ्यात निकस, त्यांनाच हा रक्तक्षय जास्त. मग तसंच निकस अन्न उंदरांना घातलं. गाभण उंदरांचं रक्त कमी झालं खरं, पण त्यामागे उवांतून पसरणारा एक जंतू निघाला. लॅबमध्ये काम केलेल्या माणसाला कळेल, अशा वेळी कसं डोक्याला हात लावून बसावंसं वाटतं ते. मग विल्सबाई माकडांकडे वळल्या.

गुण आला तो मार्माइटने. बिअर बनवून उरलेल्या यीस्टचा हा काळा, चिकट अर्क इंग्रज लोक पावाला लावून खातात. माकडांना लागू पडला, बायकांनाही पडला. १९३१ मध्ये त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. रक्तक्षयाचा आणखी एक प्रकार असलेल्या पर्निशस अ‍ॅनिमियाला उतारा पडणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क या बायकांना काहीच करत नव्हता, कच्चा अर्क मात्र चालत होता. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी गळून जात होतं. त्या ‘काहीतरी’ला लोक ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून हेच द्रव्य वेगळं काढलं आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड म्हटलं. १९४५ पर्यंत ते कृत्रिमरीत्याही तयार झालं. ते करणाऱ्या लेडर्ली कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. एवढं सगळं व्हायच्या आत परळच्या बायका बऱ्या होऊन घरी गेल्या होत्या, तेही द्रव्याचं नाव कोणालाच ठाऊक नसताना.

त्या बायकांची नावं मात्र कुठे वाचायला मिळाली नाहीत. केस पेपरवर असतील, कोणा मदतनिसाने सुबक अक्षरात लिहिलेली.

त्या दिवाळीला भाचा मार्माइटची बाटली घेऊन आला. आईने, म्हणजे त्याच्या आजीने, बोटाला लावून चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

‘काकवी खारट झालीय का रे?’

मी तिला सगळी गोष्ट सांगितली. तिने बोट पदराला पुसलं. ‘माझ्या आजीला हे चाटवलं असतं ना, तर तिने बाटली डॉक्टरणीच्याच डोक्यात घातली असती.’