बरगे काढल्यावर दिसलेली गाडी

पोलिसांचं पत्र आलं की अपघातातली गाडी तपासून अहवाल द्यायचा, हे मोटार वाहन निरीक्षक म्हणून माझं नेहमीचं काम. पण कोल्हापूर जिल्ह्यातली ती एक गाडी अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मे अखेरीला खालच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढले, पाणी उतरलं आणि ज्यावरून गाड्या जातात त्या वरच्या बंधाऱ्यापासून दोनेकशे पावलांवर गाळात एक टप दिसला. नंबर जुळला. गाडीचा मालक जुलैपासून बेपत्ता होता.

मी पोचलो तेव्हा काठावर गाव जमलं होतं. कर्ज होतं म्हणून त्यानं स्वतःच गाडी घातली; कुणीतरी मारून ढकलली; गाडी इथं टाकून तो पळाला. दहा महिने हेच चाललं होतं, आणि त्याच्या बायकोला ते ऐकत त्याच गावात राहावं लागलं होतं. गाडी इतक्या जवळ असून दिसली कशी नाही, असंही लोक विचारत होते. 2016 साली महाडला सावित्रीवरचा पूल कोसळला, तेव्हा दोन अख्ख्या एसटी बस पुलाच्या जवळच होत्या आणि तरी पहिली सापडायला आठवड्याहून जास्त लागला. गढूळ पाणी आणि गाळ काय लपवू शकतात, ते काठावरून कळत नाही.

क्रेननं गाडी वर घेतली. हवालदारांनी आतले अवशेष बाहेर काढले. ते मागच्या सीटवर होते.

मग मी आत पाहिलं. गिअर पहिला. ढकललेली गाडी बहुतेक न्यूट्रलमध्ये सापडते. हँडब्रेक सोडलेला, किल्ली चालूवर, दिवे आणि वायपरचे खटके चालू. म्हणजे रात्र होती, पाऊस होता आणि माणूस अंदाज घेत सावकाश येत होता. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीला पोचायच्या आधीच जिल्ह्यातले कित्येक बंधारे पाण्याखाली जातात. कठडा नाही, दिव्यांच्या उजेडात बंधारा आणि नदी एकच दिसते. फूट-दीड फूट वाहतं पाणीसुद्धा छोट्या गाडीला बाजूला सरकवतं.

ड्रायव्हर सीटचा हेडरेस्ट उपसून मागे पडला होता. मागच्या काचेवर मधोमध घाव होते. इंजिनाच्या वजनानं गाडीचं नाक आधी बुडतं आणि उरलीसुरली हवा मागे जमते. तो त्या हवेकडे गेला होता. बाजूची काच कोपऱ्यात मारली तर लवकर फुटते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं. हे लिहिताना आजही हात थांबतो.

डिकीत खताची दोन पोती होती. खत विरघळून गेलेलं.

त्याचे वडील दूर उभे होते. मी टेप गुंडाळत असताना जवळ आले.

"साहेब, माझं पोरगं पळून गेलं न्हवतं न्हवं?"

कारण ठरवणं पोलिसांचं आणि डॉक्टरांचं काम, मी फक्त यंत्राबद्दल लिहायचं, हा नियम मला पाठ आहे. तरी मी म्हणालो, "काका, पळून जाणारा माणूस खत घेऊन निघत नाही. आणि शेवटपर्यंत बाहेर पडायला झटलाय तो."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "हे कागदावर मिळंल का? चावडीत वाचून दाखवायचं हाय."

अहवालाची प्रत पोलीस ठाण्यातून कशी मागायची, तो अर्ज मी तिथंच जीपच्या बॉनेटवर त्यांना लिहून दिला.