चुडतांच्या ढिगाऱ्यापाशी एक सकाळ

आज सकाळी फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर बागेतील कचरा गोळा करणारा टेंपो आला, आणि चतुर्थीनंतर अंगणाच्या कोपऱ्यात साचलेली माटोळीची (गणपतीच्या वर टांगलेल्या पानाफळांच्या सजावटीची) पाने, सुकलेली फुले, उपटलेले गवत आणि माडाची चुडते, म्हणजे झावळ्या, घेऊन मीही टेंपोसोबत खतनिर्मितीच्या शेडपर्यंत गेलो. इतकी वर्षे आम्ही हे सारे सरळ पेटवून देत होतो. उघड्यावर कचरा जाळण्यास २०१६ च्या घनकचरा नियमांनी मनाई केली होती, हे ठाऊक असूनही.

चुडते तशीच ढिगात टाकली तर लवकर कुजत नाहीत, म्हणून ती आधी यंत्रातून बारीक करून घेतात. मग सुक्या पानांचा जाड थर, त्यावर हिरव्या गवताचा पातळ थर आणि थोडे शेण, अशी रचना करतात, कारण कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ३० ला १ असले की जिवाणू जोमाने काम करतात. ढिगात खुपसलेली लोखंडी सळई बाहेर काढून तेथील बाईंनी मला हात लावायला सांगितला, तेव्हा चटकाच बसला! आत ६० अंशांच्या आसपास उष्णता असते आणि त्यामुळे तणांचे बहुतेक बी मरते, असे त्या म्हणाल्या.

निर्माल्यातून निघालेले प्लॅस्टिकचे दोरे आणि थर्माकोल मात्र त्या निमूटपणे वेचत होत्या. त्यांतले काही दोरे माझ्याच पिशवीतले होते, हे मी त्यांना सांगितले नाही.