तेरेखोलच्या मुखाशी तीन राज्यं

डिसेंबर लागला की सिंधुदुर्गातल्या आमच्या शिरोड्याच्या बाजारातून गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. पुण्याच्या, कोल्हापूरच्या, बेळगावच्या. चहाला थांबलेल्यांना मी विचारते, इथे राहणार का? उत्तर ठरलेलं: "आता गोवा आलाच की, पुढेच जातो." मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. ते जो तुकडा काचा वर करून ओलांडून जातात, तेवढ्याशा जागेत शंभरावर वर्षं तीन राज्यं एकमेकांसमोर उभी होती.

तेरेखोल नदी मनोहरगडाच्या बाजूने सह्याद्रीतून उतरते, बांद्याला वळसा घालते, आरोंद्याला येईपर्यंत तिची रुंद खाडी होते आणि केरीजवळ ती समुद्राला मिळते. नकाशावर बघणाऱ्याला वाटतं, नदी हीच हद्द. पण मुखाशी तेरेखोल गाव आहे उत्तर काठावर, रेडीला अगदी खेटून, आणि ते गोव्यात. तेरेखोलच्या माणसाला आपल्याच तालुक्याच्या गावी, पेडण्याला, रस्त्याने जायचं तर रेडी, आरोंदा करत महाराष्ट्रातून किरणपाणीचा पूल गाठावा लागतो. नाहीतर केरीची फेरीबोट.

याचं कारण किल्ला. तेरेखोलचा कोट सावंतवाडीच्या खेम सावंतांनी सतराव्या शतकात बांधला, खाडीत शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायला. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने आधी हळर्णचा किल्ला (पोर्तुगिजांच्या तोंडी 'आलोर्न') घेतला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तेरेखोल. हळर्ण जिंकल्याबद्दल त्याला 'मार्किश द आलोर्न' ही पदवीसुद्धा मिळाली. समोरच्या काठावरचा पेडणे महाल, म्हणजे तो सगळा परगणा, पोर्तुगिजांकडे कायमचा गेला तो मात्र १७८८ मध्ये. म्हणजे उत्तर काठावरचा कोट आधी त्यांचा झाला आणि नदीपलीकडचा मुलूख चाळीसेक वर्षांनी. पुढे पेडणे त्यांच्याकडे आलं तरी हा कोट त्यांनी सोडला नाही. पुस्तकांत हे दोन ओळींत उरकतं, पण आमच्या सगळ्या सोयरिकी, शेतं, मासेमारी या दोन ओळींनी बांधली गेली.

मग इंग्रज आले. १८१९ साली त्यांनी रेडीचा यशवंतगड घेतला आणि तहात कर्ली नदीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतची सगळी किनारपट्टी आपल्याकडे ठेवली. ज्या सावंतांनी समुद्रावर कोट बांधले, त्यांच्या संस्थानाला समुद्रकिनाराच उरला नाही. तेव्हापासून स्वातंत्र्यापर्यंत रेडी-शिरोडा इंग्रजांचा, आरोंदा संस्थानाचा आणि खाडीपलीकडे पोर्तुगीज. आजही आरोंदा सावंतवाडी तालुक्यात आणि लगतची रेडी वेंगुर्ला तालुक्यात असण्यामागे हीच जुनी वाटणी आहे.

माझी आजी केरीची, दिली आरोंद्याला. माहेर डोळ्यांना दिसेल इतकं जवळ. १९५४ नंतर गोव्याची नाकेबंदी कडक झाली आणि तिचं जाणं-येणं तुटलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी तेरेखोलच्या कोटावर तिरंगा लावला, त्याची बातमी आरोंद्यात होडीतून आली, असं ती सांगायची. तिला राजकारण फारसं कळत नव्हतं. तिचा एकच प्रश्न होता, "न्हंय तीच, पाणी ताच, मगे परवानो कित्याक?" (नदी तीच, पाणी तेच, मग परवाना कशाला?) १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि त्यानंतरच्या पहिल्याच जत्रेला ती माहेरी गेली.

शिरोड्याची मिठागरंही जरूर बघा, आणि नुसते फोटो काढून निघू नका. उधाणाच्या भरतीला खारं पाणी आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत ते आटवत नेतात. शेवटच्या वाफ्यात तळाची माती चोपून चोपून इतकी गुळगुळीत केलेली असते की अनवाणी पाय घसरतो. ऊन चढलं की पाण्यावर आधी पातळ साय धरते, ती फुटून खाली बसते आणि तिचे खडे होतात. फळीने ते बांधावर ओढायचे. मीठ करडं, जाड. सुकी मासळी आणि लोणची यांना आमच्याकडे तेच लागतं. मे १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी गावोगावचे लोक याच आगरांत उतरले आणि लाठ्या खाल्ल्या. आज आगरं कमी होत चालली आहेत. राबायला माणसं मिळत नाहीत आणि अवेळी पडलेला एक पाऊस सगळं पाण्यात घालवतो.

रेडीत दोन गोष्टी. एक द्विभुज गणपती, १९७६ साली खाणीच्या जागेत सापडलेला. तिथे गर्दी असतेच. दुसरा यशवंतगड, तिथे तुम्ही आणि माकडं. जांभ्याच्या भिंतींना वडाच्या मुळांनी असं कवटाळलंय की चिरा कुठे संपतो आणि मूळ कुठे सुरू होतं ते हात लावूनच कळतं. वर चढलात की समुद्र, खाडी आणि खनिजाच्या उकरलेल्या लाल डोंगरांच्या कडा दिसतात. त्या लाल जखमाही बघाव्यात. या गावाने खाणीवर पोट भरलंय आणि धूळही खाल्ली आहे.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून दर निवडणुकीत 'इथे गोवा करू' असं ऐकतो. मला ते नको आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर काय झालं ते आम्ही पलीकडच्या आमच्याच नातेवाइकांकडून ऐकतो: विहिरी खाऱ्या झाल्या, पोरांना गावात घर परवडेना. माझी मागणी साधी आहे. तेरेखोलच्या कोटात हॉटेल काढलं, ते असो. पण रेडी, आरोंदा, तेरेखोल आणि केरी या चार गावांत, दोन्ही सरकारांनी मिळून, हा सगळा इतिहास मराठी-कोकणीत सांगणारे फलक लावावेत. आणि आरोंद्याच्या होडीवाल्यांना खाडी दाखवायचं काम मिळावं, बाहेरच्या कंपन्यांना नव्हे.

यायचंच तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कोकण रेल्वेने सावंतवाडी किंवा मडुरे, मग आरोंदा, शिरोडा, रेडी, तेरेखोल, आणि फेरीबोटीने केरी. जेवण घरगुती खानावळीत, आधी फोन करून. त्या दिवशी बाजारात जी मासळी असेल तीच ताटात येईल. केरीला सुरूच्या बनात बसा, पण नदीच्या मुखाशी पाण्यात उतरू नका. ओहोटीला तिथली ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही.