तुम्ही विचारलंत म्हणून: अजून हा मुंग्यांचा टीव्ही कशाला?

बेळगावजवळ येळ्ळूरच्या राजहंसगडावर आपलं टीव्हीचं चित्र रेडिओनं दुसऱ्या हॅमवाल्याला पाठवायला डिश लावून बसलो की कोण ना कोण विचारतंच, अहो आता फोनवर एवढा स्वच्छ व्हिडिओ येतोय, हॅमवाले, म्हणजे लायसन्स काढून हौसेनं रेडिओ चालवणारे, पण डिजिटलवर गेले, मग तुम्ही हे अ‍ॅनालॉग टीव्ही अजून का धरून बसलाय?

पोरांना रेडिओ शिकवायला याच्यापेक्षा चांगलं मला काही सापडलेलं नाही, म्हणून. डिजिटल चित्र एका हद्दीपर्यंत झकास, त्याखाली गेलं की एकदम 'नो सिग्नल'. डिश दोन बोटं सरकायला पाहिजे की कनेक्टरच गेलाय, नवख्याला काय कळणार? अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल पडायला लागला की आधी रंग जातो, कारण पालमध्ये (आपल्याकडची जुनी रंगीत टीव्हीची पद्धत) रंग चित्राच्या सिग्नलमध्ये वरच्या टोकाला, 4.43 मेगाहर्ट्झवर बसलेला असतो आणि एफएममध्ये (आम्ही चित्र याच पद्धतीनं पाठवतो) जेवढं वर जाल तेवढा नॉइज जास्त, मग मुंग्या वाढतात, मग चित्राच्या कडा फाटतात, मग सिंक (चित्र जागेवर धरून ठेवणारा इशारा) सुटून चित्र पळायला लागतं, आणि तरीपण मोठ्या अक्षरातली कॉलसाइन, म्हणजे पाठवणाऱ्याचं रेडिओवरचं नाव, डोळ्याला वाचता येते! चित्र कसं आलं याचा रिपोर्ट आम्ही पी0 (जेमतेम काहीतरी आहे एवढंच कळतं) ते पी5 (एकदम स्वच्छ) असा देतो. पावसात वाटेत आंब्याचं झाड असलं तर 5.8 गिगाहर्ट्झला (आम्ही चित्र पाठवतो तो बँड) ओली पानं सिग्नल गिळतात, आणि वाऱ्यानं फांदी हलली की मुंग्या कमी-जास्त होताना समोर दिसतात. हे पुस्तकातनं सांगून पटत नाही, बघितलं की पटतं.

दूरदर्शनच्या अँटेनाच्या काळात चित्र डबल दिसायचं, आठवतंय? डोंगरावर आपटून उशिरा आलेला सिग्नल तो. टीव्हीची एक ओळ 64 मायक्रोसेकंदाची, आणि एका मायक्रोसेकंदात लहर 300 मीटर जाते. वीस इंची पडद्यावर एक मायक्रोसेकंद म्हणजे साधारण 8 मिलिमीटर. म्हणजे दुसरं चित्र 8 मिलिमीटर उजवीकडं सरकलेलं असलं तर ती लहर 300 मीटर जास्त फिरून आली. फूटपट्टी लावून मोजायचं, बास. मला तर अजून नवल वाटतं याचं.

डिजिटलवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. एफएमच्या एका चित्राला सोळा-अठरा मेगाहर्ट्झ जागा लागते, तेवढ्यात त्यांची कितीतरी चित्रं बसतील, आणि क्यूओ-100 सारख्या हॅमवाल्यांना वापरता येणाऱ्या उपग्रहावरनं टीव्ही पाठवायचा तर डिजिटलच पाहिजे. ते पण शिकावंच. पण 5.8 ला जागा आहे, ड्रोनच्या कॅमेऱ्याचे छोटे ट्रान्समीटर स्वस्तात मिळतात, लायसन्स काढलेल्या पोराला एका रविवारी चित्र पाठवता येतं, आणि मध्ये कॉम्प्युटर नसल्यामुळं इकडं हात हलवला की तिकडं त्याच क्षणी हलतो.

अडचण आहे ती टीव्हीची. नवीन एलसीडी सेट सिंक जरा कमजोर झाला की निळा पडदा टाकून मोकळे होतात, म्हणजे जे बघायचं तेच झाकतात. काहींच्या मेनूमध्ये ते बंद करता येतं, सगळ्यांच्या नाही. म्हणून पिक्चर ट्यूबवाला सेट पाहिजे, आणि तो आता खानापूर, निपाणीकडं भंगारात किलोवर जायलाय. तुमच्या माळ्यावर असला तर विकायच्या आधी कुठल्यातरी हॅमवाल्याला विचारा. मागं पिवळी व्हिडिओ पिन असली की झालं, रिमोट नसला तरी चालतो, आवाज नसला तरी चालतो. फक्त घरी उघडू नका, ट्यूबमध्ये बंद केल्यावरपण हाय व्होल्टेज राहतं.