आमची वाटचाल : दीड इंच खाली

शिवडीच्या आमच्या गॅरेजात आज आम्ही जुन्या गाड्या उंचीने खाली घेऊन त्यांची चाकं नीट लावून देतो. तिथे अण्णांनी पहिला जॅक लावला तो पद्मिनी टॅक्सीखाली. किंगपिन बदलायचे, बुश ठोकायचे, मागच्या कमानीत, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एखादा पाटा वाढवायचा आणि टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किती आत वळलेली आहेत ते, दोरीने बघायचा. दोन्ही बाजूंनी सुती दोरी ताणायची, मग पुढच्या टायरच्या दोन्ही कडांचं दोरीपासूनचं अंतर फुटपट्टीने घ्यायचं. एवढ्यावर आमचं घर चाललं, दोघा भावंडांची शिक्षणं झाली. "मिस्त्री, गाडी टायर खातेय," म्हणत टॅक्सीवाला आला की अण्णा पाना उचलायच्या आधी टायरवरून आडवा हात फिरवायचे. रबर कुठल्या बाजूने धारदार लागतं, त्यावरून चाकांची तोंडं आत आहेत की बाहेर, ते त्यांना कळायचं. मला हे शिकायला दोन वर्षं लागली.

मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी 2003 साली झाली. त्यानंतर आमचं काम दरवर्षी आटत गेलं. तग धरला तो हेराल्डमुळे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने 1961 पासून ही गाडी इथे बनवली आणि शौकिनांनी ती अजून जपली आहे. तिच्या पुढच्या चाकाच्या खालच्या टोकाला पितळी ट्रनिअन असतो, त्याच्या आट्यांवर चाक वळतं. त्याला ग्रीस नाही, घट्ट गिअर ऑइल लागतं. ग्रीस भरलं की आटे कोरडे पडतात, गंज धरतो आणि एक दिवस चाक आडवं होतं. अण्णांना हे माहीत होतं, म्हणून हेराल्डवाले आमच्याकडे यायचे.

एका हेराल्डवाल्यानेच डॉक्टरांना आमच्याकडे पाठवलं. त्यांची ट्रायम्फ स्पिटफायर, मिकेलोत्तींनी आखलेली, 1962 साली बाजारात आलेली जात. पुढची बाजू हेराल्डच्याच घराण्यातली, म्हणून मी बिनधास्त होतो. चाक आणि मडगार्डमधली चार बोटं फट डॉक्टरांना खुपत होती. आम्ही पुढे आखूड स्प्रिंग घातल्या, मागे डिफरन्शिअल (मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) आणि आडव्या पाट्यांच्या कमानीच्या मधे गट्टू बसवला. गाडी दीड इंच, म्हणजे 38 मिलिमीटर खाली आली. टो-इन लावून दिला. दिसायला इतकी देखणी, की गल्लीतली पोरं फोटो काढायला जमली.

तीन आठवड्यांनी डॉक्टर परत आले. ईस्टर्न फ्रीवेवर पुलाच्या प्रत्येक सांध्यावर गाडी आपोआप बाजूला उडी मारत होती. स्टिअरिंग जागच्या जागी, पण गाडी दुसरीकडे! पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजलेले. डॉक्टर रागावले नाहीत. मला ते जास्त लागलं. चूक सर्वस्वी माझी होती. मी उंची बदलली आणि बाकी काही बदललेलं नाही, असं धरून चाललो.

चाक वरखाली होतं तेव्हा ते विशबोनच्या, म्हणजे चाक चॅसिसला जोडणाऱ्या आडव्या हाताच्या, टोकाला बांधलेलं असतं, म्हणून वर्तुळाच्या कमानीत फिरतं. टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा, तोही स्वतःची कमान काढत फिरतो. दोन्ही कमानी जुळल्या, तर चाक खड्ड्यात जाऊनही सरळ बघतं. नाही जुळल्या, तर टाय रॉड चाकाला ओढतो किंवा ढकलतो आणि कोणी हात न लावता गाडी वळते. यालाच बंप स्टिअर म्हणतात. कंपनीने चाकाचं बहुतेक वरखाली होणं जिथे या कमानी जवळ असतात तिथे ठेवलेलं असतं. आम्ही गाडी खाली घेऊन तिला कमानीच्या दुसऱ्याच टोकाला नेऊन बसवलं होतं. उभ्या गाडीवर टो-इन कितीही नीट लावा, चालत्या गाडीत तो राहतच नव्हता.

मग आम्ही मोजायचं साधन केलं. लेथवाल्या चाचांकडून एक सपाट पत्रा हबला (चाक बसतं त्या मधल्या भागाला) बसेल असा करून घेतला, समोर स्टँडवर दोन डायल गेज, म्हणजे बारीक अंतर दाखवणारी काट्याची मापं, एक पुढच्या कडेला, एक मागच्या. स्प्रिंग काढून टाकायची, जॅकने हब 10-10 मिलिमीटर उचलायचा आणि दोन्ही गेजमधला फरक वहीत लिहायचा. फरक एकसारखा राहिला, तर चाक सरळ आहे. वर आणि खाली दोन्हीकडे फरक एकाच दिशेने गेला, तर दोष टाय रॉडच्या लांबीत. वर एका दिशेने आणि खाली उलट गेला, तर दोष टाय रॉडच्या टोकाच्या उंचीत. डॉक्टरांच्या गाडीत उंचीचा होता. रॅकखाली, म्हणजे टाय रॉड सरकवणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याखाली, शिम (पातळ पट्ट्या) सारत, पुन्हा मोजत, चौथ्या दिवशी आकडे जुळले. दुसऱ्या गाडीत रॅक खालीही घ्यावा लागेल. मोजल्याशिवाय आम्ही कोणाला काही सांगत नाही.

त्या वहीने आमचा धंदा बदलला. आता आम्ही आधी उंची, मग कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल), मग कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि सगळ्यात शेवटी टो लावतो, दोन्ही सीटवर 70-70 किलोची वाळूची पोती ठेवून. दीड इंचाच्या खाली जायला नकार देतो. एक कारण रस्ता: आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) मानकात गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, पण आपल्या गल्ल्यांत पेव्हरचे उभे उंचवटे असतात. दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक आहे. दुहेरी विशबोनची गाडी खाली घेतली, की तिचं रोल सेंटर, म्हणजे वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो, बहुतेक वेळा वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली जातं, म्हणून स्प्रिंग तीच ठेवली तर वळणावर गाडी कमी नव्हे, जास्त कलू शकते. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून ती खाली बसवणाऱ्यांचं काम मी हातात घेत नाही. तापवलेल्या पोलादाचा ताण गेलेला असतो, त्याच्यावर कोणाचा जीव ठेवायचा नाही.

2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांपुढच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरात 'व्हीए' अक्षरं. गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात फेरफार नको. म्हणून आम्ही काही कापत नाही, वेल्ड करत नाही. मूळ स्प्रिंग, बोल्ट आणि वॉशर तेल लावून, चिठ्ठी बांधून मालकाच्या हातात देतो. उद्या वाटलं तर दिवसभरात गाडी पहिल्यासारखी होते.

आता गेज माझी मुलगी वाचते आणि आकडे अण्णा लिहितात. त्यांचे हात थरथरतात, पण अक्षर वाचता येतं. एका गाडीला सहा ते आठ दिवस लागतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही हे काम घेत नाही. गाडी आणताना टाकी अर्धी भरलेली ठेवा, टायरची हवा त्याच दिवशी तपासा आणि डिकीतलं सामान घरी काढून ठेवा.